उलटा पीळ

“हा सदरा कुणाचा?”

बटलरने तो मेलेल्या उंदरासारखा चिमटीत धरला होता. बंगल्याच्या मागच्या दारी मळक्या कपड्यांचा ढीग पडला होता. त्यातला एकेक कपडा बघून परटीणबाईच्या गाठोड्यात टाकायचा, हे त्याचं नेहमीचं काम.

परटीणबाईने तो लगेच ओळखला. काखेतलं ठिगळ तिच्याच हातचं. सदरा तिच्या लेकाचा होता.

“माझीच चिंधी आहे ती. इस्त्री पुसायला आणते.”

“साहेबाच्या कपड्यांत?”

“चावणारेय का साहेबाला? द्या इकडं!”

बटलर हसला म्हणून निभावलं. गाठोडं डोक्यावर घेऊन ती मागे न बघता निघाली. लेक बंगल्यातले नळ दुरुस्त करायला जायचा, एवढंच तिला माहीत. राज्य परक्यांचं. त्यांच्या घरात आपल्या माणसाचा उतरवलेला कपडा सापडला, तर तुरुंगाखेरीज दुसरी गोष्ट नव्हती.

घरी लेक जेवायला बसला होता. तिने सदरा त्याच्यापुढे टाकला.

“हा तिथं कसा गेला?”

“नळ फुटला, मी चिंब भिजलो. तिनं भावाचा जुना सदरा दिला.”

“तिनं म्हणजे?”

“साहेबाची बहीण.” त्याने मान खाली घातली. “आई, आम्हाला लग्न करायचंय.”

परटीणबाईने सदरा पुन्हा उचलला.

“आणि हा सदरा ढिगात टाकताना काही भीती नाही वाटली तिला?”

“तिला काय ठाऊक! टोपलीत टाकले की कपडे स्वच्छ होऊन येतात, एवढंच ती लहानपणापासून बघत आलीय. कोण धुतं, कुठं धुतं…”

“तू सांगितलं नाहीस? आई काय करते ते?”

लेक गप्प राहिला. राग आला होता तो ओसरला, पण ते गप्प राहणं तिच्या काळजात रुतून बसलं.

“आधी ते सांगून ये,” ती म्हणाली, “मग लग्नाचं बोल.”

तो सांगून आला. पोरीनेही भावाला सगळं सांगून टाकलं आणि बंगल्यात रागाचा भडका उडाला. लेकाचं काम गेलं. पोरीला पुढच्या बोटीने मायदेशी धाडायचं ठरलं.

सकाळी नदीवर कपडे आपटता आपटता परटीणबाई देवाशी भांडत होती. एवढं जग पसरलंय तुझं, आणि माझ्याच पोराला ही दाखवलीस? देवाने उत्तर द्यायला उशीर केला नाही. चिखलातून, बूट हातात धरून, साहेबाची बहीण भर उजेडात खाली उतरत होती.

दगडांवर कपडे आपटणाऱ्या सगळ्या बायकांचे हात थांबले.

“वाट चुकली वाटतं ही,” एक जण पुटपुटली.

“चुकली नाही.” पोरीची बोली मोडकीतोडकी, पण आवाज ठाम. “त्याची आई कोण?”

सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. पोर परटीणबाईसमोर येऊन उभी राहिली.

“मला माफ करा. इतकी वर्षं तुम्ही धुता. मी विचारलं नाही, कोण.”

“बोट कधी आहे तुझी?”

“मी जाणार नाही.”

“इथं दोन खोल्या आहेत. नळ नाही.”

“त्यानं सांगितलं.”

“आणि माझ्याबद्दल काय सांगितलं?”

पोर घुटमळली. “तोंड… तिखट आहे.”

बायका खो-खो हसत सुटल्या. परटीणबाईने हसू दाबलं, आणि पाण्यातली बंगल्याची चादर ओढून एक टोक तिच्या हातात दिलं.

“पीळ.”

पोरीने जीव खाऊन पिळलं. चादर नुसतीच गोल गोल फिरली, पाणी टिपूसभर निघेना.

“अगं, मी फिरवते तिकडंच तूही फिरवलंस तर पीळ बसेल कसा? तू तुझ्या बाजूला फिरव. सोडू मात्र नकोस.”

चादर दोघींच्या मध्ये ताठ झाली. पाण्याची धार लागली.

तेवढ्यात वरच्या रस्त्यावर बग्गी थांबली. बटलर धापा टाकत खाली आला. “बाईसाहेब, चला! साहेबांचा हुकूम आहे!”

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला, पण चादरीचं टोक तिने सोडलं नाही. परटीणबाईने मान वळवून बटलरकडे शांतपणे पाहिलं.

“साहेबाला सांगा, ती कामात आहे,” ती म्हणाली. आणि पोरीकडे वळून, “हं, आता ही दुसरी घे.”