दूधभावाचा घोट

सांतारें शहरातल्या राजवाड्यात त्या दिवशी बापलेकाचा समेट होता, आणि आम्हा स्वयंपाकघरातल्या बायकांचा जीव टांगणीला लागला होता. वर्षभर एकमेकांची गावं जाळली, आणि आता म्हणे एका मेजावर जेवणार! राजाचे शिपाई पडद्यामागे उभे, राजपुत्राच्या माणसांच्या झग्याखाली चिलखतं. कसला डोंबलाचा समेट!

शामोआ माझ्या शेजारी दारात उभी होती. राजपुत्र लोरेन्सोची दाई. एका अंगाला तो, दुसऱ्या अंगाला स्वतःचा एगस, असं दोघांना पाजून वाढवलेलं तिनं. राजपुत्रानं बंड केलं तेव्हा हा दूधभाऊही त्याच्या मागोमाग गेला. आज वर्षानं लेक दिसला, तर ही बया दारातून हलायला तयार नाही.

"अगं, हातातलं ताट तरी खाली ठेव," मी म्हटलं. "मासा निवतोय."

"वाळलाय गं एगस," एवढंच ती म्हणाली.

राजपुत्रानं तहाची भेट म्हणून द्राक्षारसाचं पिंप आणलं होतं. आमच्याकडे रीत अशी, की विष नाही ना हे पाहायला राजाच्या पेल्यातला पहिला घोट वाढप्यानं सगळ्यांदेखत घ्यायचा. वाढपी पुढे झाला, तर राजानं हात आडवा केला.

"पिंप राजपुत्राचं, मग घोटही त्याच्याच माणसानं घ्यावा. तो दूधभाऊ कुठाय?"

एगस हसत उठला. बावळट कुठला!

शामोआनं माझं मनगट घट्ट धरलं. "लोरेन्सो कान ओढतोय."

"ओढू दे की."

"तुला नाही ठाऊक. लहानपणी मध चोरला की असाच कानाची पाळी ओढत उभा राहायचा. खोटं बोलताना ओढतो तो. माझ्या हातचं पोर आहे ते, मला नको सांगूस."

मी पाहिलं. खरंच ओढत होता. बापाला मारायला निघालेला पोरगा दूधभावाचा विचार कशाला करेल?

एगसनं पेला ओठाशी नेला आणि ही ताट टाकून धावली. "ठेव खाली, मेल्या!" भर दरबारात तिनं लेकाच्या हातून पेला हिसकावला आणि राजपुत्रापुढे धरला. "आधी तू पी."



"दाई, तूसुद्धा?" लोरेन्सो म्हणाला.

"पी आधी. मग बोल."

त्यानं पेला घेतला, एका दमात रिकामा केला, उलटा करून दाखवला. आम्ही सगळे टक लावून पाहत राहिलो. काहीही झालं नाही त्याला. राजा तेवढा खो खो हसला. "बघा रे! जिनं पाजलं तिचाही भरवसा नाही याच्यावर!"

"मग कान का धरला होतास?" शामोआनं विचारलं. "खोटं बोलतानाच धरतोस ना?"

"भ्यालो की धरतो." त्यानं बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मध मी कधीच चोरला नाही, दाई. एगस चोरायचा. तू माझं नाव सांगायचीस आणि महाराज मला फोडून काढायचे."

एगसची मान खाली गेली. खरंच होतं तर!

"चल, एगस. इथे आपलं कुणी नाही," राजपुत्र म्हणाला आणि निघाला. त्याची माणसंही उठली.

"तू नको जाऊस रे," शामोआनं एगसची बाही धरली. "पुन्हा लढाई पेटेल. तुझ्याचसाठी केलं ना मी!"

त्यानं तिची बोटं हळूच सोडवली. "मी प्यायलो असतो, आई. लोरेन्सोला ओळखतो मी." आणि गेला. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

नंतर शामोआ स्वयंपाकघरात तो पेला राखेनं घासत बसली. केव्हाच लख्ख झाला होता, तरी घासतेय आपली.

"जिवंत आहे ना पण," ती म्हणाली. "आहे ना गं?"

बाहेर अंगणात राजाचे स्वार घोड्यांवर खोगिरं चढवत होते.