रणगाड्याचा डावा हात

"माणसाने पोलादात ओतलेली सर्वांत मोठी इच्छा म्हणजे रणगाडा. नद्या त्याला अडवत नाहीत, भिंती त्याच्यापुढे टिकत नाहीत, आणि साम्राज्यं त्याच्या पट्ट्यांखाली सपाट होतात," असं फोरमन गॅरेजच्या मधोमध उभे राहून म्हणाले. त्यांच्या अंगात वेल्डिंगच्या ठिणग्यांनी जाळी झालेला बनियन होता, पायांत चुकून आलेल्या बायकोच्या चपला होत्या, आणि त्यांचं स्वतःचं साम्राज्य एक मोटार कशीबशी मावेल एवढं होतं. तेही अर्धंच.

सासऱ्यांनी जाताना घर दोन्ही मुलींना वाटून दिलं. खालचा मजला थोरलीला, वरचा धाकटीला. गॅरेज एकच निघालं, तेव्हा "दोघींनी गोडीगुलाबीने वापरा" एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. आपण काय करून ठेवलंय हे बघायला ते थांबले नाहीत, यात त्यांची दूरदृष्टी दिसते.

थोरलीचे यजमान म्हणजे फोरमन. सगळी नोकरी बसगाड्या दुरुस्त करण्यात गेली. धाकटीचे यजमान रेडिओवाले. बिनतारी यंत्रं, स्पीकर, लोकांचे बिघडलेले टीव्ही असा त्यांचा धंदा. नात्याने दोघे साडू. साडूंनी एकमेकांना पाण्यात पाहू नये असा काही कायदा नाही, आणि असता तरी या दोघांनी तो पहिल्याच आठवड्यात मोडला असता.

निवृत्त झाल्याबरोबर फोरमननी गॅरेज बळकावलं आणि खऱ्याच्या चौथाई मापाचा, रिमोटवर चालणारा रणगाडा करायला घेतला. तरुणपणी पायांच्या सपाट तळव्यांमुळे सैन्याने त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. आता सैन्याने नाही घेतलं तर निदान सैन्याचं एखादं वाहन तरी आपल्या हुकमात असावं, असा त्यांचा साधा हिशेब. चौथाई म्हटल्यावर खेळणं डोळ्यांसमोर येतं, पण प्रत्यक्षात तो एका माणसाच्या पलंगाएवढा लांब झाला आणि उचलायला घरातली सगळी माणसं लावली तरी जागचा हलेना. अंगाला जाड पत्रा. दोन बाजूंना दोन मोटारी. पट्ट्याची एकेक कडी हाताने कापलेली, भोक पाडलेली, बोल्टने जोडलेली. तोफ वरखाली करायला बसच्या वायपरची मोटार.

तोफेची नळी मात्र बाजारात मनासारखी मिळेना. शेवटी अगदी मापात बसणारी नळी अंगणातच सापडली. त्या दिवसापासून थोरलीची कपडे वाळत घालायची दांडी नाहीशी झाली. चोरीला गेली असेल, असं फोरमन वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले.

"असेल," थोरली म्हणाली. "चोर मोठा सज्जन. क्लिपा काढून पायरीवर ठेवून गेला."

इकडे रेडिओवाल्यांची गाडी रस्त्यावर झाडाखाली उभी. त्या झाडावर गावातले सगळे पक्षी पोट साफ करायला येत. रेडिओवाले रोज सकाळी गॅरेजच्या खिडकीला खेटून बादली आपटत आणि ऐकू जाईल अशा आवाजात पक्ष्यांना शिव्या देत. त्या पक्ष्यांसाठी नाहीत, हे पक्ष्यांनाही कळत असावं. उत्तरादाखल फोरमन ग्राइंडर चालू करत. दुपारी रेडिओवाले वरच्या खोलीत एखादा रेडिओ कानाला लावून बारीक खरखर शोधत बसले की खाली पत्र्यावर घण पडायचा. बोलायची वेळ आलीच तर दोघे एकमेकांना इतकं अहोजाहो करत, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

शेवटी दोघी बहिणींनी चहा ठेवला आणि तो उकळेपर्यंत तह ठरवला. हौशी मंडळाचा मैदानी मेळावा जवळ आला होता. लोक आपापली विमानं, बोटी, आगगाड्या आणून चालवून दाखवत. तिथे रणगाडा मैदान ओलांडून झेंड्यापर्यंत गेला आणि झेंड्यापाशी उजवीकडे वळून परत आला, तर गॅरेज कायमचं फोरमनचं. नाही जमलं तर सोमवारी गाडी आत आणि रणगाडा बाहेर.

फोरमन लगेच हो म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की रणगाड्यात रिमोटचा हुकूम ऐकणारा रेडिओच अजून नाही. स्वतः बसवायचा एक प्रयत्न त्यांनी केला होता. बटण दाबल्यावर रणगाडा हलला नाही, पण खऱ्या लढाईसारखा धूर मात्र निघाला. ओळखीत हे काम येणारा माणूस एकच, आणि तो वरच्या मजल्यावर राहून त्यांच्या हरण्याची वाट बघत होता.

थोरलीने निरोप नेला. तो यात मुद्दाम घोळ घालील, असं फोरमननी आधीच जाहीर करून टाकलं होतं, आणि जिन्यातून ते वर नीट ऐकू गेलं होतं. रेडिओवाले स्वतः खाली आले आणि गॅरेजच्या उंबऱ्याबाहेर थांबले.

"वैर वेगळं आणि सोल्डरिंग वेगळं," ते म्हणाले. "तुमचा रणगाडा माझ्या हातून चालेल, आणि तुमच्या हातून हरेल. मला घाई नाही."

मात्र फोरमन आत असताना आपण गॅरेजमध्ये पाऊल टाकणार नाही, असं त्यांनी सांगितलं. तुम्ही बाहेर असताना मी गॅरेज सोडणार नाही, असं फोरमननी सांगितलं. त्यामुळे काम खिडकीतून झालं. फोरमननी दोन्ही मोटारींच्या तारा बाहेर ओढल्या, त्यांना 'डावा' आणि 'उजवा' अशा चिठ्ठ्या लावल्या आणि खिडकीबाहेर सोडल्या. रेडिओवाले बाहेर स्टुलावर बसून, चिठ्ठी बघून, एकेक तार जोडत गेले. दर टाक्यानंतर फोरमन भिंग घेऊन टाका तपासत. इतक्या सुबक कामात नक्की कुठे दगा लपवलाय हे सापडेना, तसतसा त्यांचा संशय बळावत गेला.

चाचणीच्या वेळी रणगाडा लाकडी ठोकळ्यांवर चढवलेला होता, म्हणजे पट्टे अधांतरी फिरावेत. फोरमन नेहमीसारखे त्याच्या नाकासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. रेडिओवाल्यांना खिडकीबाहेरून यातलं काही दिसत नव्हतं, आणि एकमेकांशी बोलायचं नसल्यामुळे मध्ये दारात थोरली.

रिमोटला दोन दांड्या होत्या, एकेका पट्ट्याची एकेक, आणि तोफेसाठी एक बटण. रेडिओवाल्यांनी डावी ढकलली आणि तसं सांगितलं. थोरलीने ते आत कळवलं. फोरमननी पाहिलं. त्यांच्या डाव्या हाताकडचा पट्टा फिरत होता.

"बरोबर आहे म्हणावं," ते म्हणाले. "दुर्दैवाने."

उजवाही बरोबर निघाला. तोफही वर गेली, खाली आली. रेडिओवाल्यांनी रिमोट थोरलीच्या हाती दिला, हात धुतले आणि निघून गेले. आता हरलो तर दोष द्यायलाही कुणी उरलं नाही, या विचाराने फोरमननी भिंग घेऊन सगळे टाके पुन्हा तपासले.

मेळाव्याच्या दिवशी मैदान भरलेलं होतं. रेडिओवाले आपली गाडी, नुकतीच चकाचक पुसलेली, मैदानाच्या डाव्या कडेला सावली बघून लावून बॉनेटला टेकून उभे राहिले. हरणाऱ्याचा चेहरा नीट दिसावा म्हणून त्यांनी ही जागा निवडली होती.

फोरमन रणगाड्याच्या मागे रिमोट घेऊन उभे राहिले. त्यांनी आधी तोफ वर उचलून मंडळाच्या अध्यक्षांना सलामी दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीने मान तिरकी करून नळीकडे जरा निरखून पाहिलं. मग तोफ खाली आली, दोन्ही दांड्या पुढे गेल्या आणि रणगाडा खडखडत निघाला. सरळ, दमदार, मागे गवताचे दोन पट्टे दाबत. फोरमनचे तळवे सपाट होते ते होतेच, पण त्या घडीला ते जमिनीवर नव्हते.

झेंडा आला. उजवीकडे वळायचं म्हणजे डावा पट्टा जोरात. फोरमननी उजवी दांडी सोडली आणि डावी पुढे दाबली. रणगाडा डावीकडे वळला.

फोरमनना वाटलं, दाब कमी पडला. त्यांनी डावी आणखी दाबली. रणगाडा आणखी डावीकडे वळला, आणि बॉनेटला टेकलेल्या रेडिओवाल्यांच्या चेहऱ्यावरचं हसू पातळ होऊ लागलं. आता नाक नेमकं गाडीच्या रोखाने आलं. फोरमन घाबरून दोन्ही दांड्यांवर अंगठे टेकून उभे राहिले.

"सोडा! दोन्ही दांड्या सोडा!" रेडिओवाले ओरडले.

तो सल्ला बिनचूक होता, आणि दुसऱ्या कुणी दिला असता तर फोरमननी ऐकलाही असता. पण या माणसाचं मैदानात एक अक्षर ऐकायचं नाही, असा कानाला खडा लावून ते आले होते. त्यांनी अंगठे आणखी घट्ट केले.

रेडिओवाले बाजूला झाले. गाडीला ते शक्य नव्हतं. रणगाडा घाई न करता, तत्त्वाला धरून, गाडीच्या दारात शिरला. काच फुटली, तोफेची नळी खिडकीतून आत गेली आणि स्टिअरिंगला टेकून थांबली, जणू आता पुढे आपणच चालवणार. एका आगगाडीवाल्याने तेवढ्यात शिट्टी वाजवली. ती चुकून वाजली, असं तो पुढे बरेच दिवस सांगत होता.

"दगा," फोरमन म्हणाले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. "शेवटी केलाच."

"माझ्याच गाडीत घालायला?" रेडिओवाले म्हणाले. त्यांनी दार ओढलं, ते निघून हातात आलं. ते दार तसंच काखोटीला मारून त्यांनी रणगाड्याचं झाकण उघडलं आणि तारा बाहेर काढल्या. "ही चिठ्ठी कुणी लिहिली? 'डावा'. आणि ही तार कुठे जाते? उजव्या मोटारीला."

"डाव्या मोटारीला."

"उजव्या."

दोघे एकाच मोटारीकडे बोट दाखवत होते. भोवती जमलेल्यांत लगेच दोन तट पडले. तेवढ्यात थोरलीने विचारलं, की चिठ्ठ्या लावताना तुम्ही कुठे उभे होता?

"रणगाड्याच्या समोर," फोरमन म्हणाले. "सगळी हयात गाडीच्या समोर उभा राहून गेली. वर्कशॉपमध्ये बस नाक पुढे करून येते. माझ्या डाव्या हाताला ते डावं. सगळं खातं असंच म्हणायचं."

"गाडीला स्वतःचा डावा हात असतो," रेडिओवाले दात आवळून म्हणाले. "चालवणारा बसतो त्या बाजूने."

"गाडीला हात नसतात."

"तुम्हाला डोकं नाही, तरी टोपी घालताच ना?"

मग फोरमननी मुद्दा काढला की तहात वळायचं ठरलं होतं, आणि रणगाडा वळला हे अख्ख्या मैदानाने पाहिलंय. यावर धाकटीने बहिणीकडे पाहिलं, बहिणीने तिच्याकडे, आणि निकाल तिथेच लागला. सोमवारी गाडी आत, रणगाडा बाहेर. आणि गाडी ज्यांनी चेपली त्यांनीच ठोकून सरळ करायची. पत्र्याचं काम येणारं घरात दुसरं आहे कोण?

तेव्हापासून घराची परिस्थिती अशी आहे. गाडी गॅरेजमध्ये आहे, पण तिच्यात फोरमन आहेत. गॅरेज रेडिओवाल्यांचं झालं, पण हातोडा हाती घेऊन त्यात दिवसभर शत्रू बसलेला असतो. दार कधी होईल असं विचारलं की "होतंय" एवढंच उत्तर येतं. फोरमन पत्र्यातल्या एकेका पोच्यावर इतका वेळ घालवतात, की कारखान्यात तेवढ्या वेळात आणखी एक अख्खी गाडी तयार व्हावी. गाडी दुरुस्त झाली की आपण बाहेर, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. रेडिओवाल्यांनाही ठाऊक आहे. म्हणून ते रोज खिडकीशी स्टूल टाकून दाराची प्रगती तपासतात. भिंग घेऊन.

आणि रणगाडा अंगणात, रस्त्यावरच्या त्याच झाडाच्या आत आलेल्या फांदीखाली उभा आहे. झाडावरच्या पक्ष्यांना आता बादलीवाला नसलेलं आणि जास्त रुंद गिऱ्हाईक मिळालंय.

परवा सकाळी त्याच्यावरून पुन्हा जुंपली. चिठ्ठ्या बदलायच्या की तारा, हा वाद. चिठ्ठ्या बदलल्या तर फोरमन चुकले असं होतं. तारा बदलल्या तर रेडिओवाले. रिमोट फोरमनच्या हातात होता, झाकण रेडिओवाल्यांच्या, आणि दोघे रणगाड्याच्या दोन टोकांना उभे राहून एकमेकांच्या खानदानाचा अहोजाहोने उद्धार करत होते. इतक्यात थोरली ओल्या कपड्यांची बादली घेऊन आली. कुणाला काही न विचारता तिने तोफेवर आधी एक चादर टाकली, मग दुसरी, आणि कमरेच्या पिशवीतून त्या जुन्या क्लिपा काढून लावल्या.

फोरमन तोंड उघडून बघत राहिले. रेडिओवाल्यांनी झाकण खाली ठेवलं.

थोरलीने चादरीचं टोक झटकलं आणि नवऱ्याकडे वळली.

"तोफ जरा वर घ्या," ती म्हणाली. "चादर मातीला लागतेय."