मुक्ताई हयात आहेत

श्रीनिवास वकिलांनी चष्मा कपाळावर सरकवला, दीक्षाचा फोन नाकाशी नेला आणि इंग्रजीचं मराठी करत मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"‘गोधडीला कुबट वास येतो.’ एक तारा. ‘पहिल्याच धुण्यात टाके उसवले.’ एक तारा. ‘बाळाच्या अंगावर पुरळ उठलं.’ पुन्हा एकच. उदार गिऱ्हाइकं आहेत तुमची."

"गिऱ्हाइकं नाहीतच ती," दीक्षा म्हणाली. "यातल्या एकानंही आमच्याकडून काही घेतलेलं नाही. मी सगळ्या ऑर्डरी ताडून पाहिल्या."

"मग कोण आहेत?"

"हिंजवडीला साईनाथ म्हणून एक जण आहे. मशीनवर शिवलेल्या गोधड्या ऑनलाइन विकतो. आमचं दुकान खाली गेलं की त्याचं वर दिसतं. त्याचेच उद्योग आहेत हे."

"असं तुम्हाला वाटतं. कोर्टालाही वाटायला हवं."

शिवाजीनगर कोर्टासमोरच्या या खोलीत बसून श्रीनिवास वकिलांनी भाऊबंदकीचे इतके दावे लढवले होते, की ताऱ्यांवरून पेटलेलं हे भांडण त्यांना पोरकटच वाटत असावं. समजावून मात्र त्यांनी नीट सांगितलं. संकेतस्थळाकडे तक्रार करून झाली होती आणि तिला यंत्रानं छापील उत्तर पाठवलं होतं. ग्राहकांच्या प्राधिकरणाकडे जाता येईल, पण ते पाहणार ग्राहकाचं, दीक्षाचं नुकसान कुणी भरून देणार नाही. बदनामीची फौजदारी केस लावता येईल, पण त्यात चपला झिजतील. त्यापेक्षा दिवाणी दावा बरा, तूर्त अनोळखी इसमांविरुद्ध. या खात्यांमागे कोण आहे ते संकेतस्थळानं सांगावं, असा आदेश आधी कोर्टाकडून मिळवायचा. नाव निघालं की मनाई मागायची आणि भरपाईही.

"फक्त एक आहे," ते म्हणाले. "कोर्टात जाऊन दुसऱ्याला खोटारडा म्हणायचं, तर आपले हात स्वच्छ लागतात. तुमच्या जाहिरातीत काही खोटं नाही ना?"

दीक्षानं पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

"नाही."

"आणि हे एक मराठीत आहे. ‘मुक्ताईंना थंडी वाजते.’ इथे मात्र पाचही तारे. या मुक्ताई कोण?"

"ज्यांच्या साडीची ती गोधडी आहे, त्या आजी. आम्ही प्रत्येक गोधडीसोबत आजींच्या नावाचं कार्ड देतो."

"आहेत ना त्या?"

"आहेत की. लोणी काळभोरला असतात."

मुक्ताई कुठेही नव्हत्या. बाळाची पहिली गोधडी सुखी म्हातारीच्या वापरलेल्या साडीची असावी, म्हणजे तिचं आयुष्य बाळाला लाभतं, असं मानणारी माणसं मोठमोठ्या कंपन्यांतही भरपूर आहेत. त्यांच्याच भरवशावर दीक्षानं चांगली नोकरी सोडून बिबवेवाडीच्या घरातून हे दुकान थाटलं होतं. सुरुवातीच्या गोधड्या सासूबाईंच्या, म्हणजे ललिताबाईंच्या साड्यांच्या. ते कपाट रिकामं झालं, तशी सुंदराबाई बोहारीण भांड्यांवर जमवलेल्या साड्या आणून द्यायला लागली. त्या कुणाच्या ते तिलाही ठाऊक नसे. गिऱ्हाइकं मात्र पहिला प्रश्न तोच विचारत आणि दुसरा प्रश्न असे, त्या हयात आहेत ना? गेलेल्या बाईची साडी तान्ह्या बाळाला कोण घालणार? मग दीक्षा प्रत्येक कार्डासाठी एक आजी मनानं तयार करायची. ‘मुक्ताई, लोणी काळभोर. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही स्वतः भाकऱ्या थापतात.’ नाव गोड होतं, गाव जवळचं होतं. यात कुणाचं काय बिघडतंय, असं तिला अगदी मनापासून वाटायचं.

ती घरी आली तेव्हा दारात एक पार्सल पडलं होतं. बाणेरच्या एका बाईंनी त्या घाणेरड्या प्रतिक्रिया वाचून गोधडी न वापरताच परत पाठवली होती. आत मुक्ताईंचं कार्ड तसंच होतं. दीक्षानं ती पेटीवर टाकली आणि फोन उघडला. दुकानाच्या पानावर आणखी एक प्रतिक्रिया आली होती, मराठीतच.

‘मुक्ताई विचारतात, माझी अंजिरी साडी कुणी दिली? पदराजवळ मी हातानं रफू केलं होतं.’ पाच तारे.

आधी तिला हसू आलं. साईनाथ बराच कल्पक निघाला. मग हसू ओसरलं. गोधडीचा वरचा थर पिवळ्या फुलांचा होता, खालचाही. फोटोत तेवढंच दिसायचं.

"आई, या गोधडीच्या आत कुठल्या रंगाची साडी घातली होती हो?"

ललिताबाई खिडकीपाशी बसून दोरा ओवत होत्या. टेलिफोन खात्यात उभी हयात काढलेल्या या बाईला अर्धवट उत्तर द्यायची सवय नव्हती. "आठवत नाही. उसवून बघ."

दीक्षानं एका बाजूचे टाके कापले. आतली साडी अंजिरी होती. ललिताबाईंनी ती बोटांनी चाचपत बाहेर ओढली आणि एका जागी थांबल्या. पदराजवळ बारीक रफू होतं, मुंग्यांची रांग चालावी तसं.

"हात चांगला आहे हिचा," त्या म्हणाल्या. "पण कापड गार का लागतंय गं?"

मे महिना होता. पंखाही गरम हवा फेकत होता. दीक्षानं हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"कुणाची गं ही?"

"कुणाचीच नाही, आई. कार्डावरचं नाव मी मनानं घातलंय."

"नाव तुझं असेल," ललिताबाई म्हणाल्या. "साडी तर कुणीतरी नेसलेलीच आहे ना?"

दीक्षानं सुंदराबाईला फोन लावला. सुंदराबाई बाजारात होती, तिला धड ऐकूही येत नव्हतं.

"ताई, आमी नावं इचारत नाय कुनाची," ती ओरडून म्हणाली. "सून पातेलं मागती, साडी टाकती. म्हातारीला इचारून देती का न इचारता, ते तिचं तिला ठावं."

त्यानंतर दीक्षानं ती गोधडी कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या सूटकेसमागे ढकलून दिली. ती घाबरली होती, आणि घाबरल्याचा तिला रागही येत होता. तिनं दुकानाच्या खात्यावरून त्या प्रतिक्रियेखाली लिहिलं, आपण कोण, पत्ता कळवा. उत्तर आलं नाही. मधूनमधून नवी ओळ तेवढी यायची. ‘मुक्ताई बाहेर येत नाहीत. कशा येणार?’ पाच तारे. ‘मुक्ताई दाराआड उभ्या असतात.’ पाच तारे. एक तारा देणाऱ्यांना वकील पाहून घेणार होते. पाच तारे देणाऱ्याविरुद्ध तक्रार कशी करायची, हे तिला कुणाला विचारताही येईना.

दावा दाखल झाला. दिवाळीच्या सुमारास कोर्टाचा आदेश निघाला, संकेतस्थळानं खात्यांचे नंबर दिले आणि एकतारावाले बहुतेक सगळे साईनाथच्या ऑफिसातून निघाले. न्यायाधीशांनी दोघांना मध्यस्थाकडे पाठवलं.

मध्यस्थांच्या खोलीत एक लांब टेबल होतं. पलीकडे आपल्या वकिलाशेजारी बसलेला साईनाथ तिच्या अंदाजापेक्षा बराच तरुण होता आणि त्याला घाम फुटला होता.

"सॉरी मॅडम. मार्केटिंगवाले बोलले, सगळेच करतात. मी सगळे रिव्ह्यू डिलीट करतो. भरपाईचं पण बघू. फक्त मॅटर इथंच क्लोज करा."

"आणि मुक्ताईंचे?" दीक्षानं विचारलं.

"कोण?"

तिनं फोन त्याच्यापुढे सरकवला. त्यानं एकेक ओळ ओठ हलवत वाचली आणि फोन बोटानं परत ढकलला.

"हे आमचे नाहीत. आम्ही सगळं इंग्लिशमध्ये टाकलंय, मराठी टायपिंग कुणाला येतंय आमच्याकडे? आणि मी तुम्हाला पाच स्टार कशाला देऊ, मॅडम?"

"बाई, जिंकलेल्या माणसानं तारे मोजत बसू नये," श्रीनिवास वकील हळूच म्हणाले आणि त्यांनी तडजोडीचा मसुदा मोठ्यानं वाचायला घेतला. साईनाथनं चूक कबूल केली होती. पुन्हा असं न करण्याची हमी दिली होती. त्याखाली आणखी एक कलम होतं. ‘वादीच्या कार्डांवर नोंदवलेल्या आजी खऱ्या, हयात आणि वादीच्या परिचयाच्या असून, साड्या त्यांच्या संमतीनं घेतल्या आहेत, असं वादी प्रतिज्ञेवर सांगते व प्रतिवादीस ते मान्य आहे.’

"हे कशाला?" दीक्षानं विचारलं.

"उद्या दुसरा कुणी साईनाथ उपटला तर हाच कागद त्याच्या तोंडावर मारता येईल. तुम्ही सांगितलंत तेच लिहिलंय मी."

साईनाथनं न वाचताच सही केली. कागद दीक्षासमोर आला. आत्ता बोलता येईल, तिला वाटलं. मुक्ताई कुणी नाहीत, हे कलम काढा, एवढंच म्हणायचं होतं. पण मग साईनाथ ताठ बसला असता. त्याचा वकील हसला असता. तिच्या नावापुढे खोटारडी हा शब्द कायमचा लागला असता आणि दुकान संपलं असतं. तिला लाज वाटत होती, अगदी कानापर्यंत. तिनं पेन उचललं आणि प्रत्येक पानावर सही केली.

ती जिना उतरत होती तेव्हा फोन वाजला. ललिताबाई होत्या.

"झालं का गं काम?"

"झालं, आई. मनासारखं झालं."

"बरं झालं. आता सरळ घरी ये. अगं, लोणी काळभोरच्या एक आजी आल्यात. परकर-पोलक्यावर नुसती चादर गुंडाळलीय बघ. अंगावर साडीच नाही. एवढ्या लांब कशा आल्या कोण जाणे."

दीक्षा पायरीवरच थांबली. मागून येणारी माणसं तिला वळसा घालून खाली उतरत राहिली.

"नाव काय सांगतात?"

"नाव नाही सांगत. मी विचारलं, कुणाकडे आलात? तर म्हणतात, तुमची सून वळखती मला, आत्ताच सही करून दिलीया तिनं. कसली गं सही?"

पलीकडे कुणीतरी खोकल्याचा आवाज आला, म्हातारा आणि अगदी दाराजवळचा.

"उंबऱ्याबाहेरच उभ्या आहेत बिचाऱ्या," ललिताबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "ओळखतेस ना तू खरंच? आत घेऊ?"

"ओळखते," दीक्षा म्हणाली. "आत घ्या त्यांना."