माळावरच्या बुद्धाचे उघडे डोळे

"उघडले! डोळे उघडले!"

कमलनगरजवळच्या माळावर दोन-तीनशे माणसांनी एकदम हात जोडले. पडक्या भिंतीवर कुण्या जुन्या चित्रकाराने काढलेला ध्यानस्थ बुद्ध होता. नेत्रमहाराज ऊर्फ रेवणप्पा यांनी तीर्थ शिंपडले की त्याचे मिटलेले डोळे टक्क उघडत आणि उन्हात थोड्या वेळाने पुन्हा मिटत. महाराजांचे स्वतःचे डोळे मात्र भक्तांच्या पेढ्यांवर सदा उघडे.

"अकरा गुरुवार या! डोळ्यावरलं जाळं आपोआप गळतंय. सुरी लावली की दृष्टी कायमची गेली!"

गर्दीत शिवकन्या आईचा हात धरून उभी होती. तिच्या आईच्या, चंद्रभागाबाईंच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन उद्याच भालकीला ठरले होते.

"म्या न्हाई जायची," आई म्हणाली. "डोळे उघडलेले म्या सोता बघितले."

शिवकन्या शाळेत चित्रकला शिकवायची. तिने चित्र न्याहाळले. लांब कान, सलग वळणदार रेषा, बोटांची नाजूक मुद्रा, सगळे जुन्या हाताचे. पण बुद्धाची नजर कमळाच्या पाकळीसारखी लांबट, खाली झुकलेली असते. हे डोळे उसाच्या ट्रॉलीमागे रंगवतात तसे वटारलेले! डोळे सर्वांत शेवटी काढायची जुन्या कारागिरांची रीत तिला ठाऊक होती, पण हा रंग तर ताजा दिसत होता. इतक्या शेवटी, म्हणजे गेल्या महिन्यात?

चित्राचे डोळे मिटताच ती पुढे झाली.

"ए बाई, तीर्थाला हात लावू नको!" महाराज खेकसले.

"तुमचं तीर्थ ठिवा तुमच्यापाशी."

तिने स्वतःच्या बाटलीतले बोअरचे पाणी शिंपडले आणि मंत्राऐवजी सतराचा पाढा सुरू केला. एक्कावन्नला डोळे टक्क उघडले.

"बुद्धाला पाढे पाठ हायत की!" दुकानदार शरणप्पा ओरडला आणि गर्दी खो खो हसली.

"ऑइलपेंटनं डोळे काढलेत," शिवकन्या म्हणाली, "वरून मिटल्या पापणीसारखा गेरू कालवलेल्या चुन्याचा पातळ हात दिलाय. वल्ला झाला की आरपार दिसतंय, वाळला की झाकतंय. कुणीबी घरी करून बघा." तिचा आवाज चढला. "आणि त्यापायी ह्यानं मूळची नजर पुसली!" तिला महाराजांचा भयंकर राग आला होता. महाराज तोवर चपला हातात घेऊन ज्वारीच्या रानातून निघाले होते.

दुसऱ्या दिवशी भालकीच्या बसमध्ये तिने विचारले, "माय, तू सोता काय बघितलीस गं?"

"मला भिंत बी दिसत नव्हती, बाई. समदे व्हय म्हणायलते, म्हणून म्या बी व्हय म्हणले."

असे किती 'व्हय' त्या माळावर जमले होते कोण जाणे. तेव्हा चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी आपल्या बाटलीतले पाणी शिंपडून पाहावे. आणि दिसत नसेल, तर न्हाई म्हणावे.