सरकीच्या तेलातला चेहरा

मी एक जुनी सुरी आहे. भाजीची नव्हे, रंगांची. पाते बोथट, लवचीक. तैलरंग कालवायचे आणि चुकलेला रंग खरवडायचा, एवढेच माझे काम.

चेहरे रंगवतो तो बारीक ब्रश.

मित्रांनो, मला तो बघवत नाही. धुळ्याच्या एकाच दुकानातून, एकाच पिशवीतून आम्ही नरडाण्याला आलो. आमची मालकीण कामिनी त्याला साबणाने धुते, बोटांनी त्याचे टोक काढते. मला जुन्या लुगड्याच्या चिंधीला पुसते. कधी तेही विसरते.

यंदा ती आईचे, कुंदाबाईंचे, हुबेहूब चित्र काढायला शिकत होती. सोमवारपासून कापूस वेचणी. मग आई समोर बसणार नव्हती. त्यातच रंगात घालायचे जवसाचे तेल संपले.

"सरकीनं ले ना," कुंदाबाई म्हणाल्या. "तेल ते तेल."

कामिनीने स्वयंपाकघरातले घेतले. ब्रश त्यात असा घसरला, जणू लोण्यात! गाल गुळगुळीत. कपाळ चकचकीत. शेजारच्या चारुलताकाकू म्हणाल्या, "कुंदाबाई, लगीनमा बी इतली गोरी नव्हती तू!"

सगळे हसले. कौतुक ब्रशचे.

मी ताटलीत. पात्यावर जुना रंग कडक झालेला.

चेहरा मात्र वाळेना. जवसाचे तेल वाळते, सरकीचे ओलेच राहते. रविवारी त्यावर धूळ चिकटली, नाकाचा रंग ओघळून ओठावर आला.

"सकाय मी वावरमा," कुंदाबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे पोरी मन्हं तोंड."

कामिनी रडवेली झाली. मग तिने उचलले... मला.

मला! चेहऱ्यासाठी!

कपाळ. गाल. हनुवटी. ब्रशचे सगळे लोणी मी खरवडून काढले. काय बरे वाटले!

कॅनव्हासच्या विणीत थोडासा रंग अडकून राहिला. त्यात रापलेले गाल दिसले. डोळ्यांखालच्या रेषा दिसल्या.

कुंदाबाई पुढे आल्या. चित्रापाशी वाकल्या.

"आते मी दिसस," त्या म्हणाल्या.

कामिनीने तो चेहरा तसाच ठेवला. फक्त डोळ्यांत पांढरे ठिपके दिले. कशाने? त्यानेच.

आता येणारा प्रत्येक जण म्हणतो, "डोळे काय जिवंत आहेत!"

ठिपके, मित्रांनो. नुसते ठिपके!

तुमच्याकडे अशी सुरी असेल तर काम झाल्यावर तिला नीट पुसा. गंजलेले पाते कॅनव्हास फाडते. आणि कुणाचे चित्र पाहाल तेव्हा डोळ्यांवरून नजर जरा खाली आणा.

गालावर.

तो मी केलाय.