नवा आला की हा तुझा

तीन वर्षं आमच्या स्टुडिओवर एका न आलेल्या कॅमेऱ्याचं राज्य होतं. थेरगावात डांगे चौकाच्या अलीकडे आमचं दुकान आहे. पाटीवर माझ्या भावाचं, प्रज्वलचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात 'विवाह, प्री-वेडिंग, कंपनीचे कार्यक्रम'. माझं नाव पाटीवर नाही. मी विजयश्री, त्याची धाकटी बहीण. गेली नऊ वर्षं त्याच्या बरोबरीने लग्नं शूट करते.

बरोबरीने म्हणजे काय, तेही सांगते. तो स्टेजवर असतो आणि मी खोलीत. नवरीचा मेकअप, हातावरची मेंदी, हळदीत न्हालेल्या मावश्या, पंगती, रुसलेली आत्या, हे सगळं माझं. मंगलाष्टकं, कन्यादान, सप्तपदी त्याची. त्याचं म्हणणं, स्टेजवरच्या धक्काबुक्कीत बाईला आवरत नाही. स्टेजवर नवरी बाई असते, करवली बाई असते, गर्दीतून वाट काढत वर आलेल्या सतरा जणी असतात, त्या सगळ्यांना आवरतं. फक्त कॅमेरा धरलेल्या बाईला आवरत नाही.

तीन वर्षांपूर्वी यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. तेव्हा तो म्हणाला, "विजू, तुझा कॅमेरा बघ जरा. फोकस पकडेपर्यंत भटजी जेवायला बसतात. कंपनीचा सगळ्यात वरचा, फ्लॅगशिप कॅमेरा येतोय. नवा आला की हा माझा कॅमेरा तुझा. मग मंगलाष्टकं तू घे, मी खाली थांबतो."

माझा कॅमेरा खरोखरच म्हातारा होता. मुठीचं रबर सुटलेलं, ते मी फेविबॉन्डने चिकटवलेलं. मेमरी कार्ड एकच बसतं, ते बिघडलं की सगळं गेलं. मंगलाष्टकं पुन्हा होत नाहीत, तिथे असल्या डब्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे त्याचं बोलणं मला पटलं. पटलं म्हणूनच मी गप्प बसले आणि वाट बघत राहिले.

त्या कॅमेऱ्याची जेवढी वाट प्रज्वलने बघितली, तेवढी आमच्या आईने माझ्या लग्नाचीही बघितली नसेल. सकाळी दात घासायच्या आधी तो मोबाईलवर अफवा वाचायचा. पुढच्या महिन्यात येतोय. नाही, दिवाळीला. जपानमध्ये सुटे भाग कमी पडले, आता मार्चमध्ये. स्टेजमागच्या एलईडी भिंतीचे पट्टे फोटोत येणारच नाहीत. काळोखातही आवाज न करता सेकंदाला पन्नास फोटो. उडणाऱ्या अक्षतांमधूनही नवरीचा डोळा सोडणार नाही. गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं आणि हा त्याला अजून न जन्मलेल्या कॅमेऱ्याचे गुण ऐकवायचा. जुन्या कॅमेऱ्याची साधी सर्व्हिसिंग करून घ्यायचा नाही, कारण काय, तर नवा येतोच आहे.

मला या धंद्यातलं काही कळत नाही असं नाही. मीही वाचत होते, आणि माझा हिशेब साधा होता. सेन्सर थोडा बरा असेल, वजन वाढेल, बॅटरी संध्याकाळच्या वरातीपर्यंत पुरणार नाहीच, आणि एखादी चांगली गोष्ट कंपनी मुद्दाम मागे ठेवेल, पुढच्या खेपेला विकायला. कॅमेऱ्याकडून माझी एवढीच अपेक्षा होती. माझी सगळी आशा होती ती भावाच्या शब्दावर.

आणि मग हर्षाली आली. चाकणजवळच्या कुरुळीची, दादासाहेबांची थोरली मुलगी. त्यांची जमीन एमआयडीसीत गेली आणि आता ते कंपन्यांना कामगारांच्या बस पुरवतात. बरोबर तिची धाकटी बहीण इंद्रायणी होती. दोघींत जेमतेम वर्षाचं अंतर, आणि नाकीडोळी इतक्या सारख्या की मी आधी धाकटीलाच नवरी समजले. हर्षालीने मोबाईलवर तिच्या मामेबहिणीच्या हळदीचे फोटो उघडून दाखवले आणि म्हणाली, "हे ज्यांनी काढलेत ना, त्यांनीच मला मंगलाष्टकांना पाहिजेत. अंतरपाट खाली होतो तेव्हा माझं तोंड कसं दिसतं, ते मला बघायचंय. ते आपल्याला स्वतःला कधीच दिसत नाही."

"हीच ती," प्रज्वल माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "काळजीच करू नका. तोवर नवा कॅमेरा येतोय, हीच असेल वर."

मी हर्षालीचा हात हातात घेतला आणि तिला शब्द दिला.

एका मंगळवारी दुपारी खरंच तो कॅमेरा जाहीर झाला. मोबाईल टेबलावर टेकवून आम्ही दोघांनी चहा पीत बघितला. प्रज्वलच्या डोळ्यांत पाणी आलं. हर्षालीच्या लग्नाच्या अकरा दिवस आधी कॅमेरा दुकानात आला, प्रज्वलने त्याला हार घातला, कुंकू लावलं, आईने औक्षण केलं. सगळं झाल्यावर मी त्याचा जुना कॅमेरा उचलला आणि पट्टा गळ्यात अडकवला.

"अगं, ठेव तो," प्रज्वल म्हणाला.

"का? नवा आला की हा माझा, असं ठरलंय आपलं."

"तुझाच आहे, मी कुठे नाही म्हणतोय? पण नव्याची सवय नाही अजून. ऐन वेळी काही झालं तर? फ्लॅगशिपला बॅकअप तसाच तगडा लागतो. दोन्ही माझ्या खांद्याला असू देत. सहा महिन्यांत नव्याचे अपडेट येतील, तो जरा रुळेल, मग घे ना."

"दादा, मी त्या मुलीला शब्द दिलाय."

"फोटो चांगला आला म्हणजे झालं. तिला काय कळणार आहे, कोणी काढला ते?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं मला गाजर दाखवलं आणि आता तेही पिशवीत परत. मी कॅमेरा टेबलावर आपटला नाही, कारण कॅमेरे आपटायचे नसतात, पण खुर्ची आपटली. आई म्हणाली, "शुभदिवशी कशाला गं?" म्हणजे माझंच चुकलं.

लग्नाच्या दिवशी सकाळीच आम्ही कुरुळीत त्यांच्या घरी गेलो. हर्षाली नुकतीच न्हाऊन आली होती. प्रज्वलने तिला ओसरीवर उभं करून नव्या कॅमेऱ्यात तिचा चेहरा नोंदवला. समोरून, डावीकडून, उजवीकडून. "आता हजार माणसं असू देत," तो दादासाहेबांना सांगत होता, "हा फक्त नवरीलाच धरणार. मला बघायचीसुद्धा गरज नाही."

"लई भारी हाय की," दादासाहेब म्हणाले.

कार्यालयात मेकअपवाली उशिरा आली. हर्षालीवर तिने तीन तास काम केलं. गालांना वेगळे उंचवटे दिले, नाक बारीक केलं, पापण्या चिकटवल्या, डोळ्यांत घाऱ्या लेन्स घातल्या, वर मोत्यांच्या मुंडावळ्या. तिची आई सारजाबाई दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "माजी पोरगी कुटं हाय?" सगळ्या हसल्या. इंद्रायणीच्या मेकअपला वेळच उरला नाही. तिने तोंड धुतलं, टिकली लावली आणि करवलीचा कलश उचलला.

खोलीतून निघताना हर्षालीने विचारलं, "ताई, तुम्ही वर असणार ना?"

"असणार," मी म्हणाले.

मुहूर्त बारा सदतीसचा होता. मान्यवरांचे सत्कार, शुभाशीर्वाद, एका पुढाऱ्याने शुभाशीर्वादात घातलेला रस्त्याच्या कामाचा विषय, असं करत सव्वा वाजला. अंतरपाट धरल्यावर मी पायऱ्या चढून वर गेले. प्रज्वलने मला बघितलं आणि सगळ्यांदेखत हात हलवला. "खाली, खाली हो विजू. फ्रेममध्ये येतेस."

आणि मी उतरले. हे सांगतानाही मला स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते. तिथे अडून बसायला हवं होतं, आणि मी मुकाट उतरले, कारण भर मांडवात भावाशी तमाशा नको. नऊ वर्षांची सवय पायांना लागलेली असते.

शेवटचं 'सावधान' झालं. अक्षता उडाल्या. माझ्यासमोर शंभर हात आणि त्या हातांत शंभर मोबाईल. मी कॅमेरा उंच धरला, टाचा उंचावल्या, एका काकांच्या पाठीला रेलून बटण दाबत राहिले. मला नवरी दिसलीच नाही. तिकडे स्टेजवर तोच पुढारी प्रज्वलच्या पुढ्यात आला, तेव्हा प्रज्वलनेही कॅमेरा डोक्यावर धरला, पण हसत हसत. त्याला बघायची गरज नव्हती.

हार घालून झाले, हर्षाली सप्तपदीचा शालू नेसायला खोलीत गेली. मी प्रज्वलला शोधत स्टेजच्या मागे गेले. तो खुर्चीवर बसून पडद्यावर फोटो मोठे करून बघत होता. पुढचा, पुढचा, पुढचा. त्याच्या कपाळावर घाम होता.

मी वाकून बघितलं. दोनशेच्या वर फोटो होते. कॅमेऱ्याने काम चोख केलं होतं. अक्षतांना फसला नाही, एलईडीचे पट्टे नाहीत. त्याने सकाळी ओसरीवर बघितलेला चेहरा हजार माणसांत बरोबर शोधून काढला होता: नवरीच्या मागे कलश घेऊन उभ्या असलेल्या, धुतल्या तोंडाच्या इंद्रायणीचा. तिची पापणी न् पापणी मोजून घ्यावी. पुढे हर्षाली होती, मेकअपमध्ये अनोळखी झालेली आणि सगळ्या फोटोंत धूसर. अंतरपाट खाली होतो त्या क्षणी तिचं तोंड कसं दिसत होतं, ते एकाही फोटोत नव्हतं.

"बॅकअपवर काय आहे?" मी विचारलं.

"तो खांद्यालाच होता गं. हात दोनच असतात माणसाला."

मग तोच पुढे म्हणाला, "चेहऱ्याच्या नोंदीत थोडा घोळ आहे याच्या. अपडेटमध्ये काढतील. अपडेटमध्ये नाही तर पुढच्या मॉडेलला नक्कीच. तुझ्याकडे काय आलंय?"

मी माझा कॅमेरा त्याच्यापुढे धरला. हात, मोबाईल, बांगड्या, काकांचा फेटा.

"अरे देवा," तो कपाळाला हात लावून म्हणाला, "तू खाली करत काय होतीस?"

त्या वाक्याला मी काय उत्तर दिलं ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. आचारी भांडी घासायचं थांबवून बघत होते. मी त्याला सांगितलं की तुझ्या कॅमेऱ्याचं पुढचं मॉडेल येईल तेव्हा येईल, तुझं पुढचं मॉडेल येणार नाही, आणि तीन वर्षं मी मूर्खासारखी त्याचीच वाट बघत होते. तो म्हणाला, "हळू बोल, पार्टी ऐकेल."

पार्टी मागेच उभी होती. शालू नेसून हर्षाली आली होती, तिच्या शेजारी सारजाबाई.

"आला ना ताई चांगला?" हर्षालीने मला विचारलं.

प्रज्वलने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी मी बोलले. "नाही आला. त्याच्याकडे तू धूसर आहेस आणि माझ्याकडे तू नाहीसच. मी वर आले होते, याने खाली पाठवलं आणि मी गेले."

घाऱ्या लेन्समधून ती माझ्याकडे बघत राहिली. तिला रडताही येईना, मेकअपवाली मागे टिश्यू घेऊन उभीच होती. "तुम्ही असणार म्हणाला होता," ती म्हणाली. एवढंच. ती प्रज्वलला एक शब्दही बोलली नाही. त्याच्यावर तिने कधी भरवसा ठेवलाच नव्हता.

सारजाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सप्तपदी ऱ्हायलीया अजून. व्हय का न्हाई?"

भटजींनी हाक मारली. तांदळाच्या सात राशी मांडून झाल्या होत्या. प्रज्वल दोन्ही खांद्यांना दोन कॅमेरे लटकवून त्याच्या नेहमीच्या जागी, होमाच्या पलीकडे उभा होता. मी पायऱ्या चढले, माझा म्हातारा कॅमेरा घेऊन. त्याने हात हलवला. "विजू, खाली. फ्रेममध्ये येतेस." मी होमाला वळसा घातला आणि त्याच्या बरोबर पुढे जाऊन उभी राहिले. तो डावीकडे सरकला, मी डावीकडे सरकले. तो उजवीकडे गेला, मीही गेले. मागून तो दात खाऊन माझं नाव घेत होता. ऑटोफोकसची वाट न बघता मी हाताने रिंग फिरवून हर्षालीवर फोकस लावला आणि सातही पावलं घेतली. सातव्या पावलावर तिने मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं, तेही घेतलं.

सप्तपदीचे प्रज्वलकडे एकशे साठ फोटो आहेत. प्रत्येकात माझी पाठ आहे, आणि एकातही ती पाठ धूसर नाही.