थंड गोळ्याचा रविवार

मित्रांनो, माळ्यावर दोन तुकडे होऊन पडलाय ना, तो मीच. सरपण समजू नका हां! मी शिरवाळ्यांचा जुना शेवगा, म्हणजे शेवया पाडायचा साचा आहे. अंग फणसाच्या लाकडाचं, पोटात भोकांची पितळी चकती, वर लांब दांडा. तांदळाचा उकडलेला गोळा पोटात टाकायचा, दांडा दाबायचा, की खाली ताटलीत पांढऱ्याशुभ्र शेवया उतरतात. त्या नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या. झकास! अट एकच, गोळा गरम पाहिजे. थंड झाला की दगड.

माझ्या मालकिणीने, सुंदराबाईने मला कणकवलीहून घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत आणलं. तिथे दवाखाना नव्हता. आजारी माणसाला खुर्चीत बसवून चौघं जण पायऱ्या उतरवायचे. शेजारच्या शकुची सासू अशीच खुर्चीत, अर्ध्या वाटेवर गेली. त्यानंतर शकु आणि सुंदराबाईने ठरवलं, दर महिन्याला एका रविवारी शिरवाळी विकायची आणि दवाखान्याची खोली बांधायची.

गोळे सुंदराबाई वळायची, ताटली शकु फिरवायची आणि दांड्यावर असायचा दत्ताराम. संपानंतर गिरणी सुटलेला, अंगाने हा एवढा! त्याचा तळवा मी डोळे मिटून ओळखायचो. कधी कधी मी मुद्दाम करकर वाजायचो. लोकांना वाटायचं, याची कंबरच वाजली!

"दत्तारामभाऊ, तेल घाला हाडांना!" शकु ओरडायची.

तोही हसायचा. मला वाटायचं, हा आपला माणूस.

चौऱ्याऐंशी साली खोली उभी राहिली. एक डॉक्टरीणबाई यायला तयार झाल्या. सुंदराबाईची सून प्रेमा तेव्हा पोटुशी होती, पाय सुजलेले. डोंगर उतरणं तिला जमत नव्हतं. सगळ्यांचे डोळे त्या खोलीकडे लागले होते.

आणि चावी कुणाकडे? विश्वासाने दत्तारामकडे. त्याने तिथे काय बसवलं माहितेय? रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ! दारावर पडदा, बाहेर तिकीट.

"अरे, हे काय रे?" शकु म्हणाली.

"दोन-चार महिने गं! चार पैसे येऊ देत, मग मोठा दवाखाना काढू."

"आणि प्रेमाने तोवर थांबायचं?"

दत्ताराम तिकिटं फाडायला वळला. मला तर आतल्या आत चिरा पडल्या. त्याच हातांनी दाबलेल्या शिरवाळ्यांची खोली होती ती!

सुंदराबाई मात्र भांडली नाही. म्हणाली, "रविवारी दांड्यार येशीत मां?"

"येणारच की काकी!"

रविवारी तिने मला थेट व्हिडिओच्या दारात मांडलं. खेळ सुटलेला, गर्दी जमलेली. तिने गोळा माझ्या पोटात टाकला आणि मी हादरलो. थंडगार! सकाळीच उकडून ठेवलेला. शकु तोंडाला पदर लावून उभी. तेव्हा कळलं, ही मस्करी आधीच ठरली होती. मला आणि दत्तारामला सोडून सगळ्यांना ठाऊक होती.

दत्तारामने जोर लावला. शेवई उतरेना.

"काय रे, जोर सरलो?" सुंदराबाई म्हणाली. "व्हिडिओ बघून बघून?"

लोक खिदळले. चिडून तो पोटावर दांडा घेऊन लोंबकळला. कडाड्! मी मोडलो आणि दत्ताराम धाडकन रसाच्या टोपात. मिशांतून नारळाचा रस गळतोय!

अख्खा डोंगर हसला. मग सुंदराबाईने हात पुढे केला. "चावी."

एवढ्या लोकांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. त्याने चावी दिली. त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाई आल्या. प्रेमाला त्याच खोलीत तपासलं, औषध दिलं, आणि वेळेवर मुलगी झाली. गुटगुटीत!

आता शिरवाळी लोखंडी मशीनवर निघतात. दत्तारामला माफी मिळाली, तोच ते मशीन फिरवतो. मला कुणी सुतार दाखवला नाही. दत्तारामने दगा दिला ते मी विसरेन एक वेळ. पण सुंदराबाईने? थंड गोळ्याने मी मोडणार, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मित्रांनो, राबणाऱ्या वस्तूला तेलाचं बोट लावा, मोडली तर सांधा. आणि चांगल्या कामासाठी मोडावीच लागली, तर आधी तिच्या कानात सांगा. सुंदराबाईने नुसतं विचारलं असतं ना, तर मी स्वतःहून मोडलो असतो. तेही तो दांड्यावर पुरता चढल्यावर, म्हणजे दत्ताराम आणखी उंचावरून पडला असता.